फ्रेंच शब्द फोडायचा कसा: वेरूळच्या एका गाइडकडून

फ्रेंच पाहुण्यांना वेरूळ दाखवायचं असेल तर आधी शब्द फोडायला शिका. व्याकरण चुकलं तर पाहुणे सांभाळून घेतात. शब्द भलतीकडे तोडला तर तो त्यांना ओळखूच येत नाही. नव्या पोरांना मी कैलास लेण्याच्या अंगणातच शिकवतो, समोर दिसेल तो शब्द धरून.

हत्तीपासून सुरू करा: ए-ले-फाँ. दोन स्वरांमध्ये एकच व्यंजन असलं की ते पुढच्या स्वराला द्यायचं. बाराखडी घोकलेल्याला हे जड नाही. शेवटचा 'टी' लिहायचा, बोलायचा नाही. आणि इंग्रजीसारखा पहिल्या 'ए'वर जोर नको. शेवटचा 'फाँ' जरा लांबवा, बस्स.

दोन वेगळी व्यंजनं शेजारी आली तर बहुधा मधून तोडा: 'पार-तीर', म्हणजे निघणे. मात्र प, ब, क, ग, फ यांच्यामागून र किंवा ल आला की जोडी फोडू नका: 'ता-ब्लो', म्हणजे चित्र. इथंच आपली जीभ अडते. 'पत्र' म्हणताना आपण जोडाक्षराआधीच्या अक्षरावर आघात देतो, त्याच सवयीनं तोंडातून 'ताब्ब्लो' निघतं. 'ता' मोकळा सोडा, मग 'ब्लो'. हा शब्द आधी घोटून ठेवा.

लिहिण्यातली फोड आणि बोलण्यातली फोड वेगळी असते. गुहेला 'ग्रॉत' म्हणतात. लिहिताना दोन 'टी'मधून तोडून दोन तुकडे पडतात, बोलताना एकच, कारण शेवटचा 'ई' गिळतात. तुलूझ, मार्सेयकडची माणसं मात्र तो हलकेच उच्चारतात. ऐकून बुचकळ्यात पडू नका.

आता 'फाँ'. यात न लिहितात, पण बोलत नाहीत! 'फान' म्हणू नका. आपल्याकडे दखनी उर्दू सगळ्यांच्याच कानावर असते; त्यातला 'हाँ' आठवा. हवा नाकातून जाऊ द्या, जीभ टाळूला टेकू देऊ नका. त्याच न-पुढे स्वर लिहिलेला असला की न परत येतो: 'चांगला' म्हणजे 'बों', 'चांगली' म्हणजे 'बॉन'.

एवढं बसलं की शब्द जोडा. अनेक हत्ती म्हणताना शब्दाआधी लागणाऱ्या 'ले' या अनेकवचनी उपपदाचा मुका 'एस' जागा होतो आणि दखनी 'ज़रा'तला ज़ होऊन पुढच्या स्वराला चिकटतो: ले-ज़े-ले-फाँ. मध्ये श्वास घेऊ नका. आधी सावकाश, मग चालता चालता म्हणा.