जोडीने स्कूबा डायव्हिंग की एकट्याने? या चुका टाळा

सगळ्यात वाईट प्रकार अर्धवट जोडीचा. बोटीवरच्या यादीत दोघं असतात, पाण्यात एकमेकांपासून पंधरा मीटरवर. जोडीदार आहे म्हणून जादा हवा घेतलेली नसते, आणि त्याची हवा हाताला लागत नाही.

प्रसंग नेहमीचाच. कॅमेरावाला कपारीत डोकं घालून बसतो, दुसरा कंटाळून पुढे सरकतो. श्वास सोडून झाला, पुढचा ओढायला गेलं आणि रेग्युलेटरमधून, म्हणजे सिलिंडरची हवा तोंडाशी देणाऱ्या साधनातून, काहीच आलं नाही, की कळतं फुप्फुसं रिकामी आहेत. दहा मीटर पोहायला अर्धा मिनिट लागतो, आणि पाठमोऱ्या माणसाला हाक मारता येत नाही. म्हणून अंतर दोन-तीन मीटर आणि शेजारी-शेजारी. मागेपुढे पोहणं म्हणजे मागच्याला वाऱ्यावर सोडणं. डावीकडे कोण, हे उतरण्याआधीच ठरवा. जोडीदार फोटो काढत असेल तर थांबा. थांबणं जमत नसेल तर जोडीदार बदला.

दुसरी चूक हवेच्या हिशेबाची. ‘५० बार उरले की वर’ (बार हे सिलिंडरमधल्या दाबाचं माप) हे नवशिक्यांना पाठ असतं, खोली कुणी विचारतच नाही. ३० मीटरवर पाण्यातला दाब ४ बार, म्हणजे प्रत्येक श्वासाला वरच्यापेक्षा चौपट हवा. एका सिलिंडरवर दोघं, घाबरलेले, प्रत्येकी मिनिटाला (पृष्ठभागाच्या मापाने) २० लिटर धरा. खाली सावरायला एक मिनिट: १६० लिटर. मिनिटाला ९ मीटर वेगाने वर यायला सुमारे ३३० लिटर. वर येताना ५ मीटरवर तीन मिनिटं थांबायचा सेफ्टी स्टॉप: १८०. एकूण ६७० लिटर, म्हणजे १२ लिटरच्या सिलिंडरमध्ये ५६ बार. दाब दाखवणारं गेज अगदी अचूक नसतं, त्यामुळे त्या खोलीवरून ७० बारलाच निघा.

सिलिंडरचा व्हॉल्व्ह पूर्ण उघडून थोडा मागे फिरवायची जुनी सवय सोडा. दिशेचा गोंधळ होऊन तो पूर्ण बंद केला आणि थोडा मागे फिरवला, की व्हॉल्व्ह जेमतेम उघडा राहतो. बोटीवर श्वास मिळतो, गेज २०० दाखवतं; खोलीवर हवा दाट झाली की तेवढ्या फटीतून ती पुरत नाही. व्हॉल्व्ह पूर्ण उघडा, मग गेजकडे बघत चार खोल श्वास घ्या. श्वासागणिक काटा खाली झुकला तर व्हॉल्व्ह अर्धवट आहे. जोडीदाराने ‘ओके’ म्हणणं ही तपासणी नव्हे.

चुकामूक झाली तर एक मिनिट शोधा, मग वर या. दहा मिनिटं खालीच शोधत बसलात तर वर आलेला जोडीदार तुम्हाला बुडालेला समजेल.

जोडीदाराचा ऑक्टोपस (दुसऱ्याला द्यायचा जादा रेग्युलेटर) आणि वजन सोडायचं बकल कुठे आहे, ते हात लावून बघा.

एकट्याने जायचंच असेल तर आधी अनुभव हवा. एसडीआय आणि पॅडी या डायव्हिंग शिकवणाऱ्या संस्था; एसडीआय सोलो आणि पॅडी सेल्फ-रिलायंट, दोन्ही कोर्सेसना किमान १०० डाइव्ह लागतात. पन्नासाव्या डाइव्हला ‘मला जमतं’ म्हणणाऱ्यांसाठी ते नाहीत. हातात मावणारी, ८५ लिटर हवा देणारी राखीव बाटली ३० मीटरवर जेमतेम मिनिटभर पुरते, तीही शांतपणे श्वास घेतलात तर. ३ लिटरची पोनी, म्हणजे छोटा राखीव सिलिंडर, २०० बारला ६०० लिटर देते. तिला वेगळं गेज आणि वेगळा रेग्युलेटर हवा. नवे लोक चुकून सुरुवातीपासून पोनीवरच श्वास घेत राहतात, म्हणून तिचा रेग्युलेटर गळ्यातल्या इलॅस्टिकमध्ये ठेवा. कापायची दोन साधनं, दोन्ही हातांना पोहोचतील अशी. पायाला बांधलेला सुरा जाळ्यात अडकल्यावर हाती लागत नाही.