घरच्या फोनो प्रीअँपसाठी पार्ट कसे जुळवायचे

फोनो प्रीअँप म्हणजे रेकॉर्ड प्लेअरचा बारीक सिग्नल मोठा करणारे सर्किट. एमएम (मूव्हिंग मॅग्नेट) कार्ट्रिजमधून, म्हणजे सुई बसवलेल्या भागातून, जेमतेम 5 मिलिव्होल्ट येतात, म्हणून 1 किलोहर्ट्झला साधारण 100 पट गेन (सिग्नलची वाढ) लागतो. लोक इथे ऑपअँपवरच (सिग्नल मोठा करणाऱ्या चिपवर) भांडत बसतात, पण एनई5532 मस्त चालतो, स्वस्तही आहे, पैसे वाचवा आणि कपॅसिटरवर घाला.

खरा खेळ आरआयएए नेटवर्कचा, म्हणजे रेकॉर्ड करताना बदललेला बास-ट्रेबलचा तोल परत सरळ करणाऱ्या रेझिस्टर-कपॅसिटरच्या जोडणीचा. 3180, 318 आणि 75 मायक्रोसेकंद हे तीन टाइम कॉन्स्टंट (रेझिस्टर आणि कपॅसिटरच्या व्हॅल्यूंचा गुणाकार) बसले पाहिजेत आणि डावा-उजवा चॅनल सारखा पाहिजे, नाहीतर स्टिरिओ इमेज एका बाजूला ओढल्यासारखी वाटते. रेझिस्टर 1 टक्का मेटल फिल्म घ्या, विषय संपला. कपॅसिटर मात्र 5 टक्केवाले मिळतात, म्हणून एकाच व्हॅल्यूचे दहा-बारा घ्यायचे (मुंबईत असाल तर लॅमिंग्टन रोडच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारात चक्कर मारा), एलसीआर मीटरवर (कपॅसिटरची व्हॅल्यू दाखवणारा मीटर) मोजायचे, प्रत्येकावर मार्करने आकडा लिहायचा आणि जवळच्या जोड्या लावायच्या. जोडी 3 टक्के जास्त निघाली तर रेझिस्टर तेवढाच कमी करा, कारण शेवटी गुणाकार बरोबर यायला हवा. मोजताना पार्ट चिमटीत धरू नका, बोटांच्या उबेने आकडा सरकतो.

कपॅसिटर पॉलिप्रॉपिलीनचे किंवा सी0जी (स्थिर व्हॅल्यूचा सिरॅमिक प्रकार) घ्या. एक्स7आर सिरॅमिक इथे नकोच, व्होल्टेजप्रमाणे त्याची व्हॅल्यू बदलते आणि टिचकी मारली तरी स्पीकरमधून आवाज येऊ शकतो. पॉलिस्टायरीन भारी, पण सोल्डरिंगच्या उष्णतेने वितळतो, हात चटकन चालवा.

इनपुटला 47 किलोओहमचा रेझिस्टर, आणि तिथला कपॅसिटर ठरवताना टोनआर्मच्या (कार्ट्रिज धरणाऱ्या दांड्याच्या) वायरचे पिकोफॅरॅडही, म्हणजे तिचा स्वतःचा कपॅसिटन्सही, धरा, हे बरेच जण विसरतात.