कॅमेरा बघायला जाताना माल सोबत न्या

जळगाव-धुळ्याकडे दागिने, केळीचे वेफर्स किंवा मसाले ऑनलाइन विकण्यासाठी मिररलेस (आत आरसा नसलेला, लेन्स बदलता येणारा) कॅमेरा घेणार असाल, तर दुकानात स्वतःचं व्ही30 कार्ड (व्हिडिओला पुरेल इतकं वेगवान मेमरी कार्ड) आणि विकायची वस्तू घेऊनच जा. कॅमेऱ्याच्या छोट्या स्क्रीनवर सगळंच झकास दिसतं. खरं काय ते कार्डावरचे फोटो घरी कॉम्प्युटरवर बघितले की कळतं. किट लेन्स, म्हणजे कॅमेऱ्यासोबत येणारी लेन्स, अंगठीच्या किती जवळून फोकस करते, तेही दुकानातच बघा. व्हिडिओसाठी शटरचा वेग 1/50 किंवा 1/100 सेकंद ठेवा. आपली वीज 50 हर्ट्झची, त्यामुळे दुसऱ्या वेगाला काही दिव्यांखाली चित्र लुकलुकतं.

लेन्सपुढे लावायचा पोलरायझर फिल्टर भरिताच्या वांग्यावरची चकाकी छान कापतो. सोन्यावर मात्र त्याचा फारसा उपयोग नाही, दुकानदार काहीही म्हणो. तिथं दिव्यापुढे बटर पेपर किंवा पातळ पांढरं फडकं धरा. सॉफ्टबॉक्सचं (दिव्याचा उजेड मऊ करणाऱ्या कापडी खोक्याचं) नंतर बघू.

आणि चाचणी एसीत उरकू नका. मे महिन्यात आपल्याकडे पारा 45 अंशांच्या आसपास जातो, आणि छोट्या बॉडीचे काही कॅमेरे 4के रेकॉर्डिंग करताना तापून बंद पडतात. जमलं तर एक दिवस भाड्यानं आणा आणि भर दुपारी ओसरीवर अर्धा तास सलग चालवून बघा.