नलारबॉर गाडीने ओलांडताय? मग या चुका टाळा

पर्थहून अ‍ॅडलेड, मेलबर्नला किंवा तिकडून इकडे स्वतःच्या गाडीने जायचं ठरवत असाल तर ऑस्ट्रेलियाच्या दक्षिणेकडचं नलारबॉरचं ओसाड मैदान आणि त्यातून जाणारा आयर हायवे लागणारच. पश्चिमेला नॉर्समन, पूर्वेला पोर्ट ऑगस्टा, मधे साधारण १,६६० किमी. रस्ता १९७६ पासून पूर्ण डांबरी आहे, छान गुळगुळीत आहे, आणि खरं सांगायचं तर धोका तिथेच आहे कारण माणूस निर्धास्त होतो.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे रात्री गाडी चालवणं. आपल्याकडे रात्रीचा प्रवास म्हणजे ट्रॅफिक कमी, ऊन नाही, मुलं झोपलेली, म्हणून बरा वाटतो, पण इथे नेमकं उलट आहे. दिवस मावळला की कांगारू रस्त्याकडेला चरायला येतात, वॉम्बॅट (बिळात राहणारा, अस्वलाच्या पिल्लासारखा दिसणारा प्राणी) तर बुटका आणि दगडासारखा घट्ट, हेडलाइटमध्ये दिसेपर्यंत तुम्ही त्याच्यावर गेलेले असता. इथे मोकाट फिरणारे जंगली उंटही आहेत, उंटाचे पाय लांब, त्यामुळे धडक बसली की त्याचं अख्खं धूड काचेवर येतं. भाड्याची गाडी असेल तर करार नीट वाचा, बऱ्याच करारांत शहराबाहेर रात्री चालवलेल्या गाडीला इन्शुरन्स मिळत नाही. सूर्य मावळायच्या आत मुक्कामी पोचायचं, बस.

तरीही समोर प्राणी आलाच तर स्टिअरिंग झटक्यात फिरवू नका, सरळ रेषेत ब्रेक दाबा. चाकं कडेच्या खडीवर गेली आणि घाबरून स्टिअरिंग ओढलं की गाडी उलटते. धडक बसलीच तर सुरक्षित जागी थांबून गाडीखाली बघा, हिरवं किंवा गुलाबी पाणी टपकत असेल तर रेडिएटर गेलाय, "पुढच्या रोडहाऊसपर्यंत (म्हणजे हायवेवरचा पेट्रोल पंप, जेवण आणि मुक्कामाची जागा) जाईल" म्हणत इंजिन जाळू नका.

दुसरं, स्टेपनी. निघायच्या आधी डिकी उघडून खरंच बघा काय आहे ते! हल्लीच्या बऱ्याच गाड्यांत बारकी स्टेपनी असते जिच्यावर ८० च्या वर जायचं नसतं, काहींत तर नुसता पंक्चर किट, आणि बॅलाडोनिया ते कायगुना या दोन रोडहाऊसच्या मधे १८० किमीच्या आसपास काहीच नाही. त्याच पट्ट्यात १४६.६ किमीचा एकही वळण नसलेला रस्ता आहे, तिथे डोळे जड होतात, दोघांनी आलटून पालटून चालवा.

पेट्रोल दिसेल तिथे भरा. महाग असतं, पण समोरून वारा असेल आणि टपावर सामान असेल तर नेहमीचं अ‍ॅव्हरेज विसरा. पाणी घरूनच न्या, रोडहाऊसवर नळाचं पिण्याचं पाणी मिळेल असं धरून चालू नका.

गाडी बंद पडली तर गाडी सोडून चालत निघायचं नाही, अजिबात नाही. सावलीत थांबा, बोनेट उघडं ठेवा, येणाऱ्या ट्रकला हात करा. मोबाइलला रेंज मधे मधे गायब असते म्हणून यूएचएफ रेडिओ (गाडीतून गाडीशी बोलायचा वॉकीटॉकीसारखा) घ्या, ट्रकवाले ४० नंबरच्या चॅनलवर असतात. रस्त्यावर मधेच पांढरे पट्टे रंगवलेले दिसतील, ती फ्लाइंग डॉक्टरच्या (दुर्गम भागात विमानाने येणाऱ्या वैद्यकीय सेवेच्या) विमानाची धावपट्टी आहे, तिथे गाडी लावून फोटो काढत बसू नका.

घड्याळाचा घोळ बऱ्याच जणांना माहीतच नसतो. पर्थकडून येताना कायगुनानंतर पाऊण तास पुढे, मग वेस्टर्न आणि साउथ ऑस्ट्रेलिया या राज्यांची बॉर्डर ओलांडली की अजून पाऊण तास, आणि उन्हाळ्यात साउथ ऑस्ट्रेलियाचा डेलाइट सेव्हिंगचा (उन्हाळ्यापुरतं घड्याळ पुढे करण्याचा) एक तास वेगळाच. म्हणजे तुमच्या हिशोबाने संध्याकाळचे सहा, आणि पुढे रोडहाऊसचं किचन बंद व्हायची वेळ झालेली.

शेवटचं खास आपल्या लोकांसाठी. पश्चिमेकडे जाताना बॉर्डर व्हिलेजला, पूर्वेकडे जाताना सेडुनाला क्वारंटाइनवाले (फळं-भाज्यांबरोबर कीड-रोग येऊ नये म्हणून) गाडी तपासतात. केळी, लिंबं, हिरव्या मिरच्या, कढीपत्ता असलं ताजं काही ठेवू नका, पर्थकडे जाताना मधही नाही. दशम्या आणि कोरडी चटणी न्या, आणि आइसबॉक्सच्या तळाशी राहिलेलं अर्धं लिंबूसुद्धा आधीच काढून टाका.