जहाज कापायच्या आधी विषारी माल कसा काढायचा : अलंगला जाणाऱ्या नव्या सुपरवायझरसाठी

डिप्लोमा करून गुजरातेत भावनगरजवळ अलंगच्या जहाज तोडायच्या प्लॉटवर नाहीतर आपल्या मुंबईत दारुखान्याला सेफ्टीवर लागणार असाल तर हे वाचून ठेवा. दारुखाना म्हणजे तेच, जिथे 2014 मध्ये नौदलाची जुनी विमानवाहू विक्रांत तोडायला घेतली होती. पण तिथलं काम लहान, खरा पसारा अलंगचा, 1983 पासून चालू. खंभातच्या आखातात भरती-ओहोटीचा फरक प्रचंड, म्हणून मोठ्या भरतीला जहाज स्वतःच्या इंजिनाच्या जोरावर सरळ किनाऱ्यावर चढवतात आणि ओहोटीला ते चिखलात उभं राहतं. सोय हीच आणि गोची पण हीच, कारण जहाजातून जे काय खाली सांडेल ते पुढच्या भरतीला समुद्रात गेलंच म्हणून समजा. म्हणून सगळा खेळ क्रमाचा आहे. गॅस कटर पेटायच्या आधी विष बाहेर आलं पाहिजे, मग मालक किती का घाई करेना.

पहिलं काम कागदाचं. जहाजासोबत धोकादायक पदार्थांची यादी येते, तिला सगळे आयएचएम म्हणतात. तिचे तीन भाग असतात : जहाजाच्या बांधणीत आणि मशिनरीत काय आहे, चालवताना साठलेला कचरा (बिल्ज म्हणजे जहाजाच्या तळाशी साठणारं घाण पाणी, स्लज म्हणजे तेलाचा गाळ वगैरे) आणि स्टोअरमधला माल. 26 जून 2025 पासून हाँगकाँग कन्व्हेन्शन, म्हणजे जहाज तोडण्याबद्दलचा आंतरराष्ट्रीय करार, लागू झालंय आणि आपला रिसायकलिंगचा कायदा तर 2019 चाच आहे, त्यामुळे आता यादी नाही असं कोणी म्हणू शकत नाही. पण यादीवर डोळे मिटून विश्वास ठेवू नका, जुन्या जहाजाची यादी बऱ्याचदा नुसत्या नजरेने बघून केलेली असते. यादी हातात धरून इंजिन रूमपासून ब्रिजपर्यंत (जिथून जहाज चालवतात ती खोली) स्वतः फिरा, शंका वाटेल तिथलं सॅम्पल लॅबला पाठवा, रिपोर्ट येईपर्यंत ते विषारीच समजा आणि स्प्रेने खूण करून ठेवा.

मग तेल. बिल्ज, स्लज, टाकीतलं उरलेलं फ्युएल सगळं पंपाने बंद टँकरमध्ये, आणि जहाजाभोवती तेल अडवायचा बूम (तरंगता पट्टा) आधीच लावलेला हवा. टाक्या धुतलेलं पाणीही तेलकटच, ते चिखलात सोडायचं नाही.

टाकी रिकामी झाली म्हणजे आत उतरता येतं असं नाही. बंद टाकीत नुसता गंज सुद्धा ऑक्सिजन खाऊन टाकतो, वास नाही काही नाही, माणूस शिडीवरच कोसळतो आणि त्याला काढायला दुसरा उतरतो तोही तिथेच. म्हणून गॅस मोजायचा मीटर दोरीने सोडून वर, मध्ये आणि तळाला तिन्हीकडे रीडिंग घ्या, कारण हायड्रोजन सल्फाइड जड असतो, तळाशी बसतो. ऑक्सिजन 20.9 च्या आसपास पाहिजे, 19.5 च्या खाली असेल तर कोणीही उतरायचं नाही. माणूस उतरायची परवानगी वेगळी आणि आग लावायची म्हणजे हॉट वर्कची वेगळी, एकावर दुसरं काम भागवू नका. जेवणाची सुट्टी झाली की परत रीडिंग.

आता ॲस्बेस्टॉस, इथे थोडं थांबतो कारण सगळ्यात जास्त चालढकल इथेच होते. फ्रान्सची क्लेमेन्सो ही युद्धनौका 2006 मध्ये अलंगच्या वाटेवरून परत गेली ती याच्यावरूनच. इंजिन रूममध्ये पाइपावर कापड गुंडाळलेलं असतं, त्याखाली खडूसारखा पांढरा-करडा थर, एल्बोपाशी (पाइपाच्या वळणावर) तडकलेला, बोट लावलं तरी भुगा पडतो. तो भुगा दिसतो म्हणून माणूस सावध होतो, पण घातक तंतू असतात ते दिसतच नाहीत आणि आजार 20-40 वर्षांनी उभा राहतो, तोपर्यंत कामगार ओडिशात नाहीतर बिहारमध्ये आपल्या गावी असतो, विचारणार कोण? तर पद्धत अशी : जागा प्लॅस्टिकने पूर्ण बंद करा, आतली हवा फिल्टर लावूनच बाहेर ओढा, पाण्यात थोडा साबण टाकून थर आतपर्यंत भिजवा, सुकं कधीच ओरबाडू नका, हाताने तुकडे काढून दुहेरी जाड पिशवीत भरा, बांधा, लेबल लावा. रुमाल किंवा सर्जिकल मास्क इथे काही कामाचा नाही, तोंडाला घट्ट बसणारा फिल्टरवाला रेस्पिरेटरच पाहिजे. आणि कपडे तिथेच उतरवून अंघोळ, तेच कपडे घालून खोलीवर गेला तर सोबत राहणारे सगळे ते तंतू श्वासात घेणार.

बाकीचं पटापट. एसी आणि फ्रीजचा गॅस सिलिंडरमध्ये ओढून घ्यायचा, पाइप कापून हवेत सोडायचा नाही. ट्यूबलाइट, जुने स्विच, गेज यात पारा असतो, न फोडता काढा. काही स्मोक डिटेक्टरमध्ये किरणोत्सर्गी पदार्थ असतो, ते भंगारात टाकू नका, वेगळे कुलपात. केबल जाळून तांबं काढायचा मोह सगळ्यांना होतो, पण पीव्हीसी जळला की डायॉक्सिन हे विष निघतं, आणि जुन्या केबलमध्ये पीसीबी हे विषारी रसायन असेल तर आणखी वाईट. सोलायचं मशीन वापरा.

रंगाकडे लोक बघतच नाहीत. जुन्या रंगात शिसं असतं, त्यावर कटर चालवला की तो धूर थेट कटरवाल्याच्या छातीत. जिथून कापायचं त्या रेषेच्या दोन्ही बाजूंनी साधारण 10 सेंटीमीटर रंग खरवडून घ्या, खाली ताडपत्री पसरून. पाण्याखालच्या भागावर टीबीटी या विषारी रसायनाच्या जुन्या रंगाचा थर असू शकतो, शिंपल्यांना तर तो अगदी थोडा असला तरी बाधतो, त्यामुळे ती खरवड झाडून चिखलात ढकलायची नाही.

एवढं झाल्यावर कटिंग. मोठे ब्लॉक शक्यतो क्रेनने उचलून सिमेंटच्या पक्क्या फरशीवर आणा, जिथे गटार आणि तेल गोळा करायची टाकी आहे, आणि बारीक तुकडे तिथेच करा. धाडकन चिखलात ब्लॉक पाडणं स्वस्त पडतं, म्हणून मुकादम तेच सुचवणार, पण ब्लॉकच्या पोटात राहिलेलं तेल मग पाण्यातच जाणार.

काढलेला माल छपराखाली, प्रकाराप्रमाणे वेगळा ठेवा, 90 दिवसांच्या वर नाही. अलंगला विल्हेवाटीची वेगळी साइट आहे, ॲस्बेस्टॉस तिकडे जातं, वापरलेलं तेल अधिकृत रिफायनरवाल्याकडे. प्रत्येक गाडीबरोबर फॉर्म 10 चा मॅनिफेस्ट (मालाच्या वाहतुकीचा कागद), आणि पोचवल्याची सही असलेली कॉपी परत आली का ते स्वतः बघा. प्लॉटवरून निघालेलं वजन आणि तिथे उतरलेलं वजन जुळत नसेल तर पुढची गाडी सोडू नका, कारण मधल्या रस्त्यावर दोन्ही बाजूंना जुन्या मालाचे खाडे (जहाजातलं सामान विकणारी दुकानं) आहेत आणि तिथे ग्लासवूलपासून पॅनेलपर्यंत सगळ्याला गिऱ्हाईक मिळतं.