शस्त्रसंधीनंतर दोन गटांत समेट घडवताना

शस्त्रसंधी झाली की दोन्ही बाजूंना लगेच एका खोलीत बसवण्याची घाई होते. ती टाळा. १९५४ साली सामाजिक मानसशास्त्रज्ञ मुझफर शेरीफ यांनी ओक्लाहोमातल्या शिबिरात साधारण अकरा वर्षांच्या २२ मुलांचे दोन गट करून स्पर्धा लावल्या आणि पाहता पाहता वैर उभं राहिलं. मग त्यांना एकत्र जेवायला बसवलं, तर मुलांनी एकमेकांवर अन्न फेकलं. वैर निवळलं ते बंद पडलेला पाणीपुरवठा सुरू करताना आणि अडकलेला ट्रक मिळून ओढताना, तेही हळूहळू.

म्हणून आधी काम शोधा. ते एका गटाला एकट्याने जमणारं नसावं, दोघांच्याही गरजेचं असावं आणि थोड्या आठवड्यांत त्याचं फळ दिसावं. सुरुवात छोटीच करा, कारण पहिलं काम फसलं तर खापर हमखास दुसऱ्या गटावर फुटतं. तुकड्या मिश्र ठेवा. हिशेब आणि किल्ल्या दोघांकडे हव्यात. एक गट मुकादम आणि दुसरा मजूर झाला, तर जुनाच अपमान नव्याने पक्का होतो. दोन्हीकडच्या पुढाऱ्यांचा उघड पाठिंबाही आधीच मिळवा.

बोलणी त्यानंतर. प्रत्येक गटाला आधी वेगळं भेटा, मृतांबद्दल मनसोक्त बोलू द्या. समोरासमोर बसवताना दोन्हीकडून सहा-सहा माणसं पुरेत. ‘चूक कोणाची?’ असं विचारू नका, ‘भीती कशाची वाटते?’ असं विचारा. मग एकाने दुसऱ्याचं म्हणणं असं मांडायचं की तो म्हणेल, ‘हो, हेच.’ हे जमल्याशिवाय अटींचा विषय काढू नका.

अटींमध्ये दोन खड्डे ठरलेले. तोच प्रस्ताव शत्रूकडून आला की वाईट वाटतो, म्हणून मसुदा मध्यस्थाने स्वतःचा म्हणून मांडावा. दुसरा खड्डा पैशांचा. मृतांची किंवा पवित्र स्थळाची थेट भरपाई देऊ केली की लोक अधिक संतापतात. आधी जाहीर माफी, मग भरपाई.

सर्वांत नाजूक टप्पा शस्त्रं जमा करण्याचा. आधी शस्त्रं देणाऱ्याला आपण उघडे पडलो असं वाटतं आणि ती भीती खरी असते. म्हणून टप्पे पाडा, मोजणी त्रयस्थाकडे द्या. उत्तर आयर्लंडमध्ये शांतता करार एप्रिल १९९८ मध्ये झाला, पण आयआरए या सशस्त्र संघटनेची शस्त्रं निकामी झाल्याची ग्वाही स्वतंत्र आयोगाने सप्टेंबर २००५ मध्ये दिली. तेवढ्या वर्षांची तयारी आणि निधी पहिल्याच दिवशी कागदावर आणा.