वॉरंटीतला डेस्कटॉप तापत असेल तर काय करावं

डेस्कटॉप तापून आपोआप बंद पडायला लागला, की पहिला सल्ला ठरलेला: "थर्मल पेस्ट बदलून टाक, दहा मिनिटांचं काम आहे." वॉरंटी संपलेल्या मशीनसाठी ठीक. वॉरंटी शिल्लक असेल तर हीटसिंकला, म्हणजे प्रोसेसरवरच्या उष्णता खेचणाऱ्या धातूच्या ठोकळ्याला, हात लावू नका; पेस्ट त्याच्याच खाली असते. तो उचलताना सील तुटलं किंवा प्रोसेसर बसतो त्या सॉकेटची एखादी पिन वाकली, की दोष कुणाचा यावर वाद सुरू होतो आणि त्यात ग्राहकाची बाजू कायम लंगडी पडते. वॉरंटी असेपर्यंत दुरुस्ती कंपनीची. आपण फक्त मशीन तापतंय हे निर्विवाद दाखवून द्यायचं.

आधी बिल काढून वॉरंटी नेमकी कुणाची ते पाहा. ब्रँडेड मशीनची एकच असते. असेंबल्डमध्ये प्रत्येक भागाची वेगळी. इंटेल किंवा एएमडीच्या डबाबंद प्रोसेसरला सहसा ३ वर्षं मिळतात आणि त्याच डब्यातला कूलर त्यातच येतो.

मग धूळ. मशीन बंद, वायर काढलेली, मऊ ब्रश आणि ब्लोअर. हवा मारताना पंख्याचं पातं बोटाने धरून ठेवा, नाहीतर तो गरागरा फिरून बेअरिंग खराब होतं. पॅनेलवर सील असेल तर बाहेरच्या जाळीपुरतंच साफ करा. कॅबिनेट टेबलाच्या बंद कप्प्यात असेल तर बाहेर काढा.

एवढ्याने भागलं तर उत्तमच. नाही भागलं, तर पुढचा टप्पा नीट वाचा, कारण बहुतेक तक्रारी इथेच बारगळतात.

सर्व्हिस सेंटरमध्ये तुमचं मशीन एसीत ठेवलं जातं. विंडोज सुरू करून अर्धा तास नुसतं चालू राहतं, बंद पडत नाही, आणि "दोष आढळला नाही" असा शेरा मारून परत येतं. माझं असंच परत आलं होतं आणि त्याच संध्याकाळी व्हिडिओ एक्स्पोर्ट करताना पुन्हा बंद पडलं. तेव्हापासून तापमानाच्या नोंदीशिवाय मशीन मी कुणाच्या हाती देत नाही, ओळखीच्या कुणाचं पाठवतानाही नाही.

नोंद घ्यायला एचडब्ल्यूइन्फो हे मोफत सॉफ्टवेअर पुरेसं आहे. त्यात सेन्सर्सची खिडकी उघडा, लॉगिंग (आकडे फाइलमध्ये उतरवणं) सुरू करा आणि ज्या कामाला मशीन तापतं तेच काम अर्धा तास चालवा: गेम, रेंडरिंग, जे असेल ते. प्राइम९५ सारखी जबर चाचणी लावू नका. "एवढा ताण रोजच्या वापरात येतच नाही" म्हणायला इंजिनिअरला आयतं कारण मिळतं. कॅबिनेटचं झाकण बंदच ठेवा. झाकण उघडून टेबल फॅन लावलात, तर जो दोष दाखवायचा आहे तोच झाकला जाईल.

खोलीचं तापमान लिहायला विसरू नका. बऱ्याच ब्रँडेड डेस्कटॉपच्या माहितीपुस्तिकेत वापरासाठी ३५ अंशांची मर्यादा दिलेली असते. नागपुरात मे महिन्याच्या दुपारी घेतलेली नोंद त्या एका ओळीवर बाद ठरू शकते. म्हणून चाचणी पहाटे किंवा एसी लावून घ्या आणि भिंतीवरचं थर्मामीटर व स्क्रीन एकाच व्हिडिओत टिपा.

आता आकडे. नुसतं "९५ अंश झालं" म्हणून तक्रार टिकेलच असं नाही. एएमडीचे रायझन ७००० मालिकेतले बरेच प्रोसेसर पूर्ण ताणाखाली ९५ अंशांपर्यंत जातात, ते तसेच बनवलेले आहेत. इंटेलच्या बहुतेक डेस्कटॉप प्रोसेसरची मर्यादा १०० अंशांच्या आसपास असते. शोधायच्या गोष्टी तीन: तापमान मर्यादेला टेकलंय का, 'थर्मल थ्रॉटलिंग'समोर (तापल्यामुळे प्रोसेसरने स्वतःचा वेग कमी करणं) 'येस' आलंय का, आणि त्याच वेळी वेग प्रोसेसरच्या बेस क्लॉकच्या, म्हणजे कंपनीने सांगितलेल्या मूळ वेगाच्या, खाली घसरलाय का. तिन्ही एकत्र दिसलं, तर थंड करणारी यंत्रणा कमी पडते आहे हे स्पष्ट झालं. पंख्याचा आरपीएमही (मिनिटाला किती फेरे) त्याच फाइलमध्ये उतरतो. ताणाखाली तो शून्य दिसला तर तोही दाखवा. मशीन बंदच पडत असेल तर विंडोजच्या इव्हेंट व्ह्यूअरमधल्या 'कर्नल-पॉवर ४१' (मशीन नीट बंद न होता पुन्हा सुरू झालं) या नोंदीचा फोटो जोडा. पण ती नोंद वीज गेल्यावरही पडते, म्हणून एकटीवर भिस्त ठेवू नका.

मशीन देण्याआधी डेटाचा बॅकअप घ्या.

जॉब शीटवर, म्हणजे सर्व्हिस सेंटरच्या तक्रार-पावतीवर, "हँग होतो" असं लिहू देऊ नका. "खोली २८ अंश, व्हिडिओ एक्स्पोर्ट सुरू केल्यावर दहाव्या मिनिटाला १०० अंश, मग बंद" असं, आपल्या नोंदीतले आकडे घालून लिहून घ्या आणि प्रत घेतल्याशिवाय काउंटर सोडू नका. लॉगची फाइल ईमेलनेही पाठवा, म्हणजे तारखेचा पुरावा राहतो.

टाळाटाळ झाली तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा क्रमांक आहे. त्यानेही हललं नाही तर जिल्हा ग्राहक आयोग. ५ लाखांपर्यंत मोजलेल्या किमतीच्या वस्तूसाठी तिथे शुल्क नाही आणि तक्रारीचं कारण घडल्यापासून २ वर्षांची मुदत असते.

मशीन दुरुस्त होऊन आलं की तेच काम, तेवढाच वेळ, खोलीचं तापमान तेवढंच ठेवून पुन्हा चालवा आणि दोन्ही फाइली शेजारी ठेवून पाहा. फरक नसेल तर जुन्या जॉब शीटचा नंबर देऊन त्याच आठवड्यात तक्रार पुन्हा उघडायला लावा.